न उघडलेली मतपेटी



आपल्या मुखपत्राच्या या पानावर एका अमेरिकन फुटबॉलपटूची कहाणी पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. रिक्त पदांचा प्रश्न आहे, पेन्शनचा आहे, खासगीकरणाचा आहे. लिहिण्यासारख्या विषयांची आपल्याकडे टंचाई नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. या तरुणाने जो प्रश्न विचारला तो भुसावळच्या शेडमध्ये आणि खेड्यातील शाखा डाकघरात वर्षानुवर्षे विचारला जात आहे. मी काम करतो, माझ्या कामावर दुसऱ्याची हुकमत चालते, माझ्या कामातून पैसा उभा राहतो. मग मी कामगार का नाही? हा प्रश्न विचारणाऱ्या खेळाडूचे नाव केन कोल्टर. जन्म १९९२ चा.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या कलकत्त्याचा किंवा गोव्याचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे, फेकायचे, झेलायचे, आणि समोरच्या गड्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. आपल्या कबड्डीतील पकड डोळ्यांसमोर आणावी आणि ती पूर्ण वेगात, डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यावर कवच घालून होते अशी कल्पना करावी. प्रत्येक बाजूला अकरा गडी. मधोमध उभा राहून चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. सारा खेळ त्याच्या डोक्याने चालतो. रांगेच्या अगदी कडेला उभा असतो तो वाईड रिसीव्हर. खूण होताच त्याने ठरलेल्या वाटेने धाव घ्यायची आणि ठरलेल्या जागी मागे वळून हवेतला चेंडू झेलायचा. त्याची नजर चेंडूवर असते, म्हणून अंगावर येणारा गडी त्याला पुष्कळदा दिसतच नाही. खांदा, गुडघा, घोटा, मान आणि मेंदू, हे सारे या एका क्षणी पणाला लागलेले असते.

हा खेळ अमेरिकेत महाविद्यालयांच्या नावाने चालतो, पण आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे चित्र मनातून काढून टाकावे लागेल. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे होतात. मुख्य प्रशिक्षकाचा पगार अनेक राज्यांत खुद्द राज्यपालाच्या पगाराच्या कितीतरी पट असतो. व्यावसायिक लीगचा नियम असा की, शाळा सुटल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज तेथे प्रवेश नाही. म्हणजे ज्याला या खेळावर पोट भरायचे आहे त्याने आधी कोणत्यातरी महाविद्यालयाच्या दारात उभे राहायचे. दुसरा मालकच नाही.

कोल्टर हा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरच्या उपनगरात वाढला. वडील स्पेन्सर कोल्टर हे कोलोरॅडो विद्यापीठाच्या १९९० च्या विजेत्या संघात खेळलेले. मुलगा शाळेत क्वार्टरबॅक म्हणून चमकला आणि स्टॅनफर्ड या नामांकित विद्यापीठाकडे त्याचे जाणे जवळपास ठरले होते. शेवटच्या वर्षी चेंडू फेकण्याच्या हाताचा खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि ती वाट बंद झाली. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने मात्र त्याला घेतले. एका दुखापतीची किंमत काय असते हा धडा त्याला महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीच मिळाला. पुढे त्याने ज्या मागण्या मांडल्या त्यांत दुखापतीचा खर्च पहिल्या ओळीत का होता, हे यावरून समजते.

२०१० साली तो नॉर्थवेस्टर्नला दाखल झाला. दुसऱ्या वर्षी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक दुखापतीतून सावरत होता म्हणून हंगामाची सुरुवात कोल्टरने केली. तो परतल्यावर कोल्टरला बाकावर बसविण्याऐवजी प्रशिक्षकांनी वाईड रिसीव्हर केले. कधी झेलायचे, कधी पळायचे, गरज पडली की पुन्हा फेकायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये नेब्रास्काच्या मैदानावर मुख्य क्वार्टरबॅक पुन्हा जायबंदी झाला आणि कोल्टरने सामना हातात घेतला. नॉर्थवेस्टर्नने तो २८-२५ असा जिंकला. एकाच माणसाकडून तीन जागांची कामे करून घेण्याची ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही. फरक इतकाच की तेथे त्याला ‘अष्टपैलुत्व’ म्हणून टाळ्या मिळतात. १ जानेवारी २०१३ रोजी या संघाने मिसिसिपी स्टेटला ३४-२० असे हरवून गेटर बाऊल जिंकला. हंगामाअखेरच्या अशा मानाच्या सामन्यांतील नॉर्थवेस्टर्नचा हा १९४९ नंतरचा पहिला विजय. कोल्टर त्या संघाचा कणा होता.

आता या यशाची दुसरी बाजू. कोल्टरला डॉक्टर व्हायचे होते, तेही हाडांचा शल्यविशारद. दुसऱ्या वर्षी त्यासाठी आवश्यक असलेला रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळेला येत होता. तो वर्ग घेऊ नकोस असे त्याला सांगण्यात आले. तो विषय त्याने उन्हाळी सत्रात केला, बरोबरीच्या मुलांच्या मागे पडला आणि शेवटी वैद्यकीयचा नाद सोडून मानसशास्त्राकडे वळला. ही हकिकत त्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये शिकागो येथे राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापुढे शपथेवर सांगितली. ‘तुम्ही आधी विद्यार्थी, मग खेळाडू’ असे ज्यांना ऐकविले जाते त्यांच्यापैकी एकाला वर्ग आणि सराव यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा कोण आधी ठरले, हे या एका रसायनशास्त्राच्या वर्गाने दाखवून दिले.

त्या सुनावणीत तासांचा हिशेब निघाला. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधीच्या शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास. पहाटेपासून रात्री साडेदहापर्यंतचे वेळापत्रक छापून हातात दिलेले. हंगाम सुरू झाला की ४० ते ५० तास, आणि त्याच वेळी वर्गात सुमारे २० तास. कागदोपत्री मात्र नियम आठवड्याला २० तासांचा! मग हे गणित जुळते कसे? प्रवास मोजायचा नाही. ‘स्वेच्छेचा’ व्यायाम मोजायचा नाही. न येणाऱ्याकडे प्रशिक्षक कोणत्या नजरेने पाहतो हे सर्वांना ठाऊक असते. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी त्याचे तीनच तास धरायचे. आमच्या रनिंग स्टाफच्या जुन्या मंडळींना हे वाचून १९७३ आठवेल. दहा तासांची ड्यूटी हवी, आणि ती सही करून कामावर हजर झाल्यापासून सही करून सुटेपर्यंत मोजली पाहिजे, एवढ्यासाठी लोको कामगारांना त्या वर्षी संप करावा लागला होता. तास किती यापेक्षा तास कोठून मोजायचे यावरच भांडण असते.

हुकमतीविषयीही बरेच बाहेर आले. भाड्याने खोली घ्यायची तर करारनामा प्रशिक्षकांना दाखवायचा. बाहेर काम धरायचे तर परवानगी घ्यायची. समाजमाध्यमांवर काय लिहायचे यावर नजर. या सगळ्याच्या बदल्यात शिष्यवृत्ती, म्हणजे शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, पुस्तके, मिळून वर्षाला सुमारे ६१,००० डॉलर. रक्कम लहान नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे; पण ती रोख हातात पडत नव्हती आणि संघ सोडला की बंद होत होती. दुसऱ्या पारड्यात विद्यापीठाला २००३ ते २०१२ या दहा वर्षांत फुटबॉलपासून मिळालेले २३ कोटी ५० लाख डॉलर. त्यातील खर्च १५ कोटी ९० लाख. उरलेले कोठे गेले हे विचारण्याचा अधिकार घाम गाळणाऱ्यांना नव्हता.

येथे ‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दाचा इतिहास सांगणे भाग आहे. हा शब्द कोणा शिक्षणतज्ज्ञाने घडविलेला नाही. १९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू अर्नेस्ट नेमेथ याला नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. सरावात त्याची पाठ दुखावली होती, आणि टेनिसच्या मैदानांची देखभाल करण्याची त्याची नोकरी फुटबॉल खेळण्यावरच अवलंबून होती, म्हणून तो कर्मचारी ठरला. मालकांच्या कानांत ही घंटा वाजली. १९५५ मध्ये त्याच राज्यातील एका लहान महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली आणि १९५७ साली त्याच न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे कारण दिले. या काळात महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए हिचे प्रमुख वॉल्टर बायर्स होते. खेळाडूला कोणी कर्मचारी म्हणू नये यासाठीच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द आम्ही पुढे आणला आणि सर्व नियमांत घुसविला, अशी कबुली त्यांनी निवृत्तीनंतर १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात स्वतःच दिली. शब्दाच्या पोटी एका विधवेचा नाकारलेला दावा आहे, हे तो शब्द कौतुकाने वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते.

कोल्टरची लढाई सप्टेंबर २०१३ मध्ये उघड झाली. मेन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्याने मनगटपट्टीवर ‘एपीयू’ अशी तीन अक्षरे लिहिली. सर्व खेळाडू एक, असा त्यांचा अर्थ. त्याच दिवशी जॉर्जिया राज्यातील दोन संघांच्या काही खेळाडूंनीही ती लिहिली होती. २८ जानेवारी २०१४ रोजी युनियनच्या मान्यतेसाठी रीतसर अर्ज दाखल झाला. माजी खेळाडू रॅमोगी हुमा त्याच्या बरोबर होते, आणि पाठीशी होती पोलाद कामगारांची बलाढ्य युनियन, युनायटेड स्टीलवर्कर्स. भट्टीपुढचा कामगार फुटबॉलपटूच्या मागे उभा राहिला, हे दृश्य आम्हाला विशेष वाटते. मागण्या काय होत्या? खेळातील दुखापतीचा औषधोपचार, तोही महाविद्यालय सोडल्यानंतर. मेंदूला बसणारे धक्के कमी करण्याचे उपाय. जायबंदी झाल्यास शिष्यवृत्ती चालू राहण्याची हमी. पदवी पूर्ण करण्यासाठी निधी. पगाराची मागणी त्या यादीच्या शिरोभागी नव्हती, तरीही वृत्तपत्रांनी ‘लाडावलेल्या मुलांना पगार हवा’ असा गिल्ला केला.

२६ मार्च २०१४ रोजी मंडळाचे शिकागोचे प्रादेशिक संचालक पीटर संग ओर यांनी निकाल दिला. मोबदला आहे, करार आहे, नियंत्रण आहे, म्हणून शिष्यवृत्तीवरील खेळाडू कर्मचारी आहेत आणि त्यांना युनियनसाठी मतदान करण्याचा हक्क आहे. अमेरिकेच्या इतिहासात प्रथमच असे घडले. विद्यापीठाने वर दाद मागितली. मतदानाच्या आदल्या दिवशी, २४ एप्रिलला, वॉशिंग्टनच्या मुख्य मंडळाने फेरविचार मान्य केला. २५ एप्रिलला मुलांनी मते दिली आणि मतपेटी मोहोरबंद करून ठेवण्यात आली. सोळा महिने ती तशीच राहिली. १७ ऑगस्ट २०१५ रोजी मंडळाने एकमताने ठरविले की, या प्रकरणात आपण अधिकार चालविणार नाही. खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत, या मूळ प्रश्नाला मंडळाने हातच लावला नाही. कारण दिले ते असे: वरच्या श्रेणीतील सुमारे १२५ संघांपैकी १७ सोडून बाकी सर्व सरकारी विद्यापीठांचे आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही, तेव्हा एका खासगी विद्यापीठापुरती युनियन मान्य केल्यास स्थैर्य येणार नाही. मते मोजली गेली नाहीत. होकार किती आणि नकार किती, हे कोणालाही कळले नाही.

अशी उत्तरे आपण ऐकलेली नाहीत काय? आपल्या ग्रामीण डाक सेवकांचे पाहा. कालपर्यंत त्यांचे नाव ‘अतिरिक्त विभागीय एजंट’ होते. २००१ च्या नियमांनी ते ‘सेवक’ झाले. डाकेची पिशवी तीच, सायकल तीच, बचत खात्याचे पुस्तक भरणारा हात तोच. अडीच लाखांहून अधिक माणसे हे काम करतात, पण त्यांना जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत. वेळेशी निगडित सातत्य भत्ता असे लांबलचक नाव त्याला दिलेले आहे. त्यांना चरितार्थाचे दुसरे साधन असले पाहिजे अशी अट घातली जाते आणि मग त्याच अटीच्या आधारे सांगितले जाते की, ही काही त्यांची मुख्य नोकरी नव्हे. कोल्टरला सांगितले गेले की तू मुळात विद्यार्थी आहेस. आमच्या सेवकाला सांगितले जाते की तू मुळात शेतकरी किंवा दुकानदार आहेस. १९७७ साली राजम्मा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे एजंट नागरी पद धारण करतात असे स्पष्ट म्हटले. तरीही नियम त्यांना नियमित नोकरांच्या रांगेत बसू देत नाहीत.

रेल्वेच्या कारखान्यांतील अप्रेंटिसांची गोष्टही याच जातीची. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कलम १८ मध्ये बजावतो की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. २० मार्च २०१८ च्या सकाळी माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये रुळांवर बसून ज्या मुलांनी मुंबईची लोकल रोखली ती हीच ‘कामगार नसलेली’ मुले होती. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की, प्रशिक्षण घेताना अपघाताने इजा झाल्यास भरपाई मालकाने द्यायची. म्हणजे कामगार म्हणायचे नाही, पण हात तुटला तर जबाबदारी टाळायची नाही, एवढी लाज आपल्या जुन्या कायद्याने राखली. डेनिसनच्या पत्नीला तेवढीही मिळाली नाही. आपल्या देशातील कामगार कायद्यांना ‘कालबाह्य’ म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

खेळाडू आणि कामगार या दोन गोष्टी एकाच अंगावर नांदू शकत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर त्याला रेल्वेकडे बोट दाखवता येईल. रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळ १९२८ पासून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन प्रकारांत कांस्यपदक मिळविले तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्या नेमबाजीला त्यामुळे काही उणेपणा आला नाही. क्रीडा कोट्यातील भरतीविषयी आपल्या तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या ठिकाणी मांडूच. पण तेथे खेळाडूच्या खिशात सेवापुस्तिका असते, हे विसरता येणार नाही.

नॉर्थवेस्टर्नच्या लढ्यात उणिवा नव्हत्या असे आम्ही म्हणणार नाही. कोल्टरचे खेळाचे शेवटचे वर्ष संपले होते. मतदानाचा हक्क ज्यांची खेळण्याची पात्रता शिल्लक आहे त्यांनाच होता, म्हणून ज्याने ही ठिणगी टाकली त्याला स्वतःला मत नव्हते. पुढारी बाहेर पडला आणि मागे राहिलेल्यांना रोज त्याच प्रशिक्षकापुढे उभे राहायचे होते. त्यांनी नकार द्यावा असे प्रशिक्षकांनी आणि विद्यापीठाने उघडपणे सांगितले, आणि मुलांमध्ये फूट दिसू लागली. संघात शिष्यवृत्ती नसलेलेही बरेच खेळाडू होते. तोच सराव, त्याच ठोकरा, हातात मात्र काही नाही. त्यांना मोबदला मिळत नाही म्हणून ते कर्मचारी नाहीत, या न्यायाने ते मतदारयादीबाहेर राहिले. ज्याला सर्वांत कमी मिळते तोच सर्वांत आधी वगळला जातो. कॅज्युअल मजुरांना युनियनमध्ये घ्यावे की नाही यावर आपल्याकडे एकेकाळी झालेले वाद ज्यांना आठवतात, त्यांनी या गोष्टीकडे परकी म्हणून पाहू नये. शिवाय एकाच कारखान्यापुरते भांडण नेले की वरचा मालक सहज सांगू शकतो, तुम्ही एकटेच आहात. मंडळाने नेमके तेच सांगितले.

तरीही मतपेटी न उघडताच काही दारे उघडली. एप्रिल २०१४ मध्ये, अर्ज ताजा असतानाच, एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरील मर्यादा काढली. २०१५ पासून बड्या विद्यापीठांना शिष्यवृत्तीत राहणीमानाचा उरलेला खर्च घालण्याची मुभा मिळाली. जून २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएचे निर्बंध नऊ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळले आणि पुढच्याच महिन्यात खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर जाहिरातीचे पैसे मिळविण्याची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटता येऊ लागली. मागील थकबाकीपोटी २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे ठरले. चांगला वाईड रिसीव्हर आज महाविद्यालयातच श्रीमंत होऊ शकतो, हे २०१० च्या कोल्टरला खरे वाटले नसते.

पण या तडजोडीत संघातील खेळाडूंची संख्याही बांधून टाकली गेली, आणि फुटबॉलसाठी १०५ ची मर्यादा आली. शिष्यवृत्ती नसलेल्या कित्येकांना जागा सोडाव्या लागणार होत्या. आपल्या भाषेत सांगायचे तर ते ‘सरप्लस’ ठरले. त्यांच्यासाठी न्यायाधीशांनीच मंजुरी थांबवून दुरुस्ती करायला लावली. पैसा कोणाला किती, जागा किती, दुखापतीनंतर काय, हे वकिलांनी आणि विद्यापीठांनी ठरविले. खेळाडूंची निवडून आलेली युनियन त्या टेबलाजवळ नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. मिळालेला पैसा आणि वाटाघाटीने मिळविलेला पैसा यांतला फरक वेतन आयोगाच्या वाऱ्या केलेल्या आपल्या पुढाऱ्यांना विचारावा.

कोल्टरचे काय झाले? मे २०१४ च्या व्यावसायिक निवडीत कोणत्याही संघाने त्याला निवडले नाही. नंतर मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याच्याशी करार केला, वाईड रिसीव्हर म्हणून, आणि त्याला सराव तुकडीत ठेवले. मोठे नाव त्याला तेथे मिळाले नाही. पण तोच चेंडू, तेच झेल घेणारे हात, आणि व्यावसायिक लीगमध्ये पाऊल टाकताच तो कायद्याने कामगार झाला. तेथील खेळाडूंची युनियन १९५६ पासूनची आहे; किमान पगार, दुखापतीचे संरक्षण, तक्रारीची रीत, सारे करारात लिहिलेले. काही महिन्यांपूर्वी शपथेवर मागूनही जे मिळाले नाही ते गणवेश बदलताच लागू झाले.

दहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा निघाला, यावेळी न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयात. तेथील पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला प्रादेशिक अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्मचारी ठरविले. ५ मार्च २०२४ रोजी मतदान झाले आणि यावेळी पेटी उघडली गेली. युनियनच्या बाजूने १३, विरुद्ध २. पुढाकार घेणारी मुले महाविद्यालयाच्या भोजनगृहात अर्धवेळ काम करीत होती, आणि भोजनगृहातील विद्यार्थी-कामगारांची युनियन आधीच मान्य झालेली होती. तिने तासाचा दर वाढवून घेतला होता. ताटे उचलताना जो मुलगा कामगार होता तोच व्यायामशाळेत गेल्यावर कामगार राहत नव्हता. महाविद्यालयाने वाटाघाटीला बसण्यास नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलणार, मंडळ बदलणार आणि प्रतिकूल निकाल आला तर तो सर्वांच्याच गळ्यात पडणार, हे ओळखून ३१ डिसेंबर २०२४ रोजी युनियनने आपला अर्ज मागे घेतला.